राखून ठेवलेला पाचवा बदल

दादाच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण वळत नाही. चहाचा ग्लास धरला की दोन्ही बोटं बाहेरच राहतात. करंगळी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर कॉर्नरच्या गर्दीत गेली, शेजारचं बोट गोव्यात सरावाच्या वेळी. दोन्ही वेळा त्यानं पट्टी बांधली आणि खेळत राहिला, कारण महिनाभर घरी बसला असता तर जागा गेली असती, आणि फुटबॉलमध्ये गोलीची म्हणजे गोलकीपरची गेलेली जागा सहजासहजी परत मिळत नाही. अठरा हंगाम, सहा संघ आणि त्यातला निम्म्याहून जास्त काळ बाकावर, अशी त्याची कारकीर्द. मग तो आमच्या तालमीचा कोच झाला.

हे प्रकरण त्याच्या कोच म्हणून पहिल्या हंगामातल्या एका निर्णयाचं आहे. उपांत्य सामना, बरोबरी, आणि हातात राहिलेला खेळाडूचा एकच बदल. मी त्या हंगामात संघाचा मॅनेजर होतो. इंग्लंडात मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, डावपेच ठरवणारा माणूस. आपल्याकडं मॅनेजर म्हणजे नोंदणीचे कागद, पाण्याचे कॅन आणि पंचांकडं द्यायची बदलाची चिठ्ठी सांभाळणारा. ती चिठ्ठी त्या दिवशी माझ्या हातात होती, म्हणून हे मीच लिहायला हवं. तालमीचं, स्पर्धेचं आणि पोरांचं नाव देत नाही.

सहा संघांचा माणूस

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पेठ. कुस्तीच्या तालमींतून फुटबॉलचे संघ उभे राहिले, १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे आपली केएसए आली, छत्रपती घराण्याचा आधार मिळाला. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण, खंडोबा, बालगोपाल ही नावं इथं माणसाला आडनावासारखी चिकटतात. "तू कुठला?" या प्रश्नाचं उत्तर आधी तालमीचं येतं, गल्लीचं नंतर. नोंदणीच्या दिवसांत एखादा पोरगा दुसऱ्या पेठेकडून सही करून आला तर त्याच्या घरच्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात टोमणे ऐकावे लागतात. मी ते स्वतः ऐकलेले आहेत.

अशा गावात दादा चार तालमींकडून खेळला. मधे दोन वर्षं मुंबईत एका कंपनीच्या संघात, एक हंगाम गोव्यात. त्याला लोक 'फिरता गोली' म्हणायचे, आणि त्यात कौतुक नव्हतं. पण गोली का फिरतो हे नीट समजून घ्यायला हवं. फॉरवर्डला जागा नसली तर तो बगलेला खेळतो, बचावात मधे उभा राहणारा स्टॉपर कडेच्या बॅकला सरकतो, मधल्या फळीतला हाफ तर कुठंही चालतो. गोलीला अशी दुसरी जागाच नाही. अठरा जणांच्या संघात दोन गोली असतात आणि खेळतो एक. दुसऱ्यानं पहिला जायबंदी होण्याची वाट बघायची, किंवा संघ बदलायचा. वाट बघणं माणसाला आतून कुरतडतं, म्हणून तो संघ बदलतो. याला बेइमानी म्हणणाऱ्यांनी एक हंगाम बाकावर बसून बघावं.

जगभर हेच दिसतं. इंग्लंडचा जॉन बरिज २९ क्लबांकडून खेळला, १९९५ मध्ये मँचेस्टर सिटीकडून उतरला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. पुढं ब्लाइथ स्पार्टन्ससारख्या लहान क्लबचा मॅनेजर झाला, आणि नंतर ओमानमध्ये जाऊन अली अल-हब्सीसारखा गोली त्यानं हेरला. पोर्तुगालचा नूनो एस्पिरितो सांतो तर दादाचा आवडता. २००४ साली पोर्तोनं चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा गोलात व्हितोर बाइया होता, नूनो बाकावर. २००८ च्या युरोला तो पोर्तुगालच्या संघात होता, तरी देशाकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तोच माणूस २०१२ मध्ये रिओ आवेचा कोच झाला आणि २०१८ मध्ये त्यानं इंग्लंडच्या वुल्व्हजला प्रीमियर लीगमध्ये नेलं. दादा म्हणायचा, "सर, त्यानं बाकावर बसून बघितलंय. उगं बसला न्हाई."

दादासुद्धा उगाच बसला नव्हता. त्याच्याकडं एक वही होती. शाळेची दोनशे पानी, कव्हर फाटलेलं, वर प्लॅस्टिकची पिशवी. शिरोलीच्या फौंड्रीत कोअर शॉपला काम करून आलेल्या हातांची काळी बोटं पानांच्या कडांवर उमटलेली. बाकावर बसल्या बसल्या तो समोरच्या संघातल्या पेनल्टी मारणाऱ्यांची नोंद करायचा. नाव कधी पूर्ण लिहायचा नाही, पाठीवरचा नंबर आणि तालमीचं पहिलं अक्षर. एक नोंद मला पाठ आहे: 'उजवा पाय. चार पावलं, तिरका येतो. शेवटच्या पावलाला मान खाली. गोलीच्या डाव्या हाताला, जमिनीलगत. घाबरला की मधे.' अशा नोंदींची पानंच्या पानं होती. पण वहीच्या मागच्या बाजूनं त्यानं वेगळंच लिहिलेलं होतं, आणि ते मला त्याच्या कोच होण्यानंतर कळलं. कुठल्या कोचनं बसलेल्या पोरांशी कसं वागावं, याच्या त्या नोंदी होत्या. 'संघ जाहीर करताना बाहेर ठेवलेल्याकडं बघितलं नाही.' 'वॉर्मअपला पाठवलं आणि विसरला.' 'हरल्यावर बाकावरच्यांनाही बोलला, जिंकल्यावर त्यांना हात मिळवला नाही.'

गोली कोच कसा होणार

आधीच्या कोचनं हंगामाच्या तोंडावर सोडलं, म्हणून दादाकडं काम आलं. त्याच्याकडं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं कोचिंगचं डी लायसन्स होतं. कोर्सची फी स्वतःच्या खिशातून भरलेली, फौंड्रीतल्या रजा त्यासाठी वापरलेल्या. तालमीनं त्याला ठरवून दिलेलं मानधन बाहेरून आणलेल्या एका खेळाडूच्या निम्म्यानंही नव्हतं. हे मी कमिटीला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो: परदेशी पोरगा आणायला वर्गणी निघते, तर आपल्या कोचला पुढच्या लायसन्सला पाठवायला का निघू नये?

बैठकीत एका ज्येष्ठांनी विचारलं, "गोली काय कोच होणार? बॉल आडवायचा ठाऊक. मारायचा कोण शिकवणार?" या प्रश्नाला मी त्या वेळी चिडलो होतो. आता वाटतं, त्यात अर्धं खरं होतं.

अर्धं खोटं आधी सांगतो. मैदानावर सगळा खेळ समोरून दिसणारा एकच खेळाडू असतो, गोली. बाकीचे दहा जण पाठ करून, वळून, पळत खेळतात. रेमों गुथाल्स बेल्जियममध्ये गोली म्हणून खेळले, त्यांच्याच हाताखाली मार्सेय १९९३ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली. इटलीचा गोली दिनो झोफ १९८२ चा विश्वविजेता कर्णधार, चाळिसाव्या वर्षी. कोच म्हणून त्यानं इटलीला २००० च्या युरोच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. भारतात पीटर थंगराज, १९६२ च्या आशियाई सुवर्णपदकाचे गोली, त्यांनीही पुढं कोचिंग केलं. तेव्हा गोली कोच होतो, आणि चांगला होतो.

दादाच्या हाताखाली आमची बचावफळी महिन्याभरात बदलली. कॉर्नरला कुणी कुठं उभं राहायचं हे त्यानं गांधी मैदानावर चुन्यानं खुणा करून शिकवलं. १९९२ पासून सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं दिलेला पास गोलीला हातात घेता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं; पण तो पास कुठल्या पायाला द्यायचा, गोलाच्या बाहेरच्या बाजूला द्यायचा की सरळ तोंडावर, हे आमच्या बॅकना कुणी सांगितलं नव्हतं. आणि बसलेली पोरं. दर सरावाला दादा आधी न खेळणाऱ्या सात जणांशी बोलायचा, मग अकरा जणांशी. वॉर्मअपला पाठवलेल्याला काय कारणानं पाठवलंय ते सांगायचा, उतरवलं नाही तर का नाही तेही सांगायचा. फुटबॉलमध्ये मी तीस वर्षं आहे. असं करणारा कोच आपल्याकडं मी दुसरा पाहिलेला नाही.

आता अर्धं खरं. पहिल्या सहा सामन्यांत आम्ही तीनच गोल खाल्ले आणि मारले ते पाच. आमचे फॉरवर्ड सरावाला आले की दादा त्यांना गोलीवर शॉट मारायला लावायचा, आणि सूचना द्यायचा त्या गोलीला. कुणाच्या लक्षात आलं नाही. गोल खात नव्हतो, हरत नव्हतो, पेठ खूश होती.

मंगळवार

बाद फेरीची स्पर्धा होती. उपांत्य सामना शनिवारी, शाहू स्टेडियमवर, दुपारी चारचा. समोरचा संघ आमच्याइतकाच चिवट. बरोबरी झाली तर जादा वेळ नाही, सरळ टायब्रेकर, म्हणजे दोन्हीकडून पाच-पाच पेनल्टी. दादानं सोमवारी रात्री वही काढली असणार, कारण मंगळवारी सकाळी सराव संपल्यावर त्यानं दोन्ही गोलींना आणि मला थांबवून घेतलं.

पहिला गोली पेठेतलाच, एकोणीस वर्षांचा. चपळ, धाडसी, क्रॉसवर झेप घेणारा; गॅलरीचा लाडका. दुसरा करवीर तालुक्यातल्या एका गावातून एसटीनं यायचा. उंच, जरा जड, बॉल पायात आला की गडबडणारा. पण पेनल्टीला तो शेवटच्या क्षणापर्यंत जागचा हलत नव्हता. पहिला पोरगा मात्र मारणाऱ्याचा पाय बॉलला लागायच्या आधीच स्वतःच्या उजवीकडं झुकायचा. दादानं ते त्याला पन्नास वेळा सांगितलं होतं. सवय जात नव्हती.

हे झुकणं सगळ्याच गोलींचं दुखणं आहे. पेनल्टी ११ मीटरवरून, गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. ताशी शंभर किलोमीटरनं आलेला बॉल सेकंदाच्या चार दशांशात रेषेवर पोचतो. बॉल बघून हलायचं म्हटलं तर उशीर होतो, म्हणून गोली आधीच एक बाजू धरतो. २००७ मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी २८६ पेनल्टी तपासून छापल्या. गोली मधे उभा राहिला होता जेमतेम ६ टक्के वेळा, आणि बॉल मात्र सुमारे २९ टक्के वेळा मधेच मारला गेला होता. उभं राहून गोल खाल्ला तर लोक म्हणतात हललाच नाही. झेप घेऊन खाल्ला तर म्हणतात प्रयत्न तरी केला. लोकांच्या तोंडाला भिऊन गोली पडतो. दादानं हे कागदावर वाचलं नव्हतं, अठरा हंगामांत अंगावर झेललं होतं.

त्यानं सरळ सांगितलं. बरोबरी होणार असं दिसलं तर शेवटच्या मिनिटांत गोली बदलणार.

फुटबॉलमध्ये हे पूर्वी झालेलं आहे. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्स विरुद्ध कोस्टा रिका, उपांत्यपूर्व सामना. जादा वेळ संपता संपता नेदरलँड्सचा कोच व्हान गालनं गोली सिलेसनला काढून टिम क्रुलला उतरवलं, क्रुलनं दोन अडवल्या आणि नेदरलँड्स ४-३ नं जिंकली. सिलेसनला याची आधी कल्पना दिलेली नव्हती. बाहेर येताना त्यानं बाटलीला लाथ मारली. पुढच्या सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध बदल उरलाच नव्हता, सिलेसनच उभा राहिला आणि ते हरले. आपल्याकडं भारताचे कोच रहीमसाहेबांनी १९६२ ला जकार्त्यात अंतिम सामन्यासाठी गोलात थंगराजना घेतलं, त्याआधी प्रद्युत बर्मन उभे राहिले होते. भारतानं दक्षिण कोरियाला २-१ नं हरवलं. पोरांना दादानं ही दोन्ही उदाहरणं दिली, आणि म्हणाला, "सिलेसनला सांगितलं न्हवतं. मी तुला चार दिवस आधी सांगतोय."

पोरगा दातांनी ग्लोव्हचा पट्टा सोडवत होता. सोडवायचा थांबला. "मग मी पयल्यापासनंच बसतो की दादा. शेवटी कशाला काढताय, सगळ्यांदेखत?"

"पुरी मॅच तुझ्यागत माझ्याकडं दुसरा कोण न्हाई."

"आणि पेनल्टीला?"

दादानं खोटं बोलायचं टाळलं. "पेनल्टीला हा बरा हाय."

दुसरा पोरगा जमिनीकडं बघत होता. पहिल्यानं ग्लोव्ह्ज पिशवीत टाकले आणि निघून गेला. बुधवारी तो सरावाला आला नाही. गुरुवारी आला, कुणाशी बोलला नाही, पण नेहमीपेक्षा चांगला खेळला.

हा मंगळवारचा निर्णय मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. जे उघड करायला अवघड आहे ते आधी, तोंडावर, दोघांनाही एकत्र सांगितलं. बाकावर आयुष्य गेलेला माणूसच हे करू शकतो. वहीच्या मागच्या पानांवरची शिदोरी त्याला इथं उपयोगी पडली.

शनिवार

एप्रिलचं ऊन. चारला सुरू झालेल्या सामन्यात पाच वाजेपर्यंत मैदान तव्यासारखं तापलेलं असतं. मध्यंतराआधी आम्ही कॉर्नरवरून गोल केला, दादाच्या चुन्याच्या खुणांवरच. मध्यंतरानंतर त्यांनी बरोबरी साधली, आमच्या बॅकच्या पायाला लागून दिशा बदललेल्या शॉटवर. १-१.

स्पर्धेत पाच बदलांची मुभा होती. उन्हानं दोन हाफ गळाले, ते बदलले. एका बॅकला पिवळं कार्ड होतं, त्याला काढला. बगलेचा पोरगा लंगडायला लागला, तोही काढला. चार झाले.

संपायला साधारण वीस मिनिटं असताना आमचा सेंटर फॉरवर्ड खाली बसला. पोटरीत गोळा आलेला. फिजिओनं पाय ताणून दिला, तो उठला, चार पावलं पळाला, पुन्हा वाकला. बाकावर आमचा एक अठरा वर्षांचा फॉरवर्ड होता, मध्यंतरापासून रेषेच्या कडेनं पळत होता, घामानं भिजलेला. मी चिठ्ठी काढली. नंबर लिहायला पेन उघडलं.

दादा म्हणाला, "थांबा सर."

मी थांबलो. मला त्याचा हिशोब कळला होता. हा पाचवा बदल गेला की गोली बदलता येणार नाही. सामना संपल्याची शिट्टी वाजल्यावर नियमानं गोली फक्त जखमी झाला तरच बदलता येतो, आणि तेही बदल शिल्लक असेल तर. म्हणून बदल राखून ठेवायचा आणि शिट्टीच्या आधी, बॉल बाहेर गेला की वापरायचा.

त्या वीस मिनिटांत आम्ही दहा जणांनी खेळलो म्हटलं तरी चालेल. सेंटर फॉरवर्ड उभा होता एवढंच. तरीसुद्धा एक बॉल आला. उजव्या बगलेवरून आलेला क्रॉस त्यांच्या स्टॉपरच्या डोक्यावरून घसरून आमच्या फॉरवर्डसमोर पडला, गोलापासून सात-आठ मीटरवर. निरोगी पायाच्या माणसानं पाऊल टाकून मारला असता. यानं पाऊल टाकलं, पोटरी धरली गेली, बॉल नडगीला लागून गोलीच्या हातात गेला. रेषेवर पळणारा आमचा अठरा वर्षांचा पोरगा जागेवर थांबला आणि त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले.

शेवटच्या दोन-तीन मिनिटांत थ्रो मिळाला. बदल झाला. पेठेतला गोली बाहेर आला, आणि पॅव्हेलियनमधून जो आवाज उठला तो माझ्या कानात अजून आहे. आमच्याच लोकांचा आवाज होता तो. पोरानं लाथ मारली नाही, बाटलीही फेकली नाही. आत जाणाऱ्याच्या हातावर हात मारला आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसला. दादा त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, मैदानाकडं तोंड करून.

टायब्रेकरचा अवलंब. आम्ही पहिले. पहिल्या दोन दोन्हीकडच्या आत गेल्या. आमची तिसरी मारायला आला तो सेंटर फॉरवर्ड, पोटरी आखडलेला. वरच्या बारच्या हातभर वरून गेली. त्यांची तिसरी आत. आमची चौथी आत. त्यांच्या चौथ्याला आमचा उंच पोरगा उभा राहिला, उभाच राहिला, बॉल निघाल्यावर डावीकडं पडला आणि दोन्ही तळव्यांनी बाहेर ढकलला. वहीतल्या नोंदीप्रमाणं, जमिनीलगत. आमची पाचवी आत, त्यांचीही आत. चार-चार. मग सडनडेथ, म्हणजे दोन्हीकडून एकेक पेनल्टी. आमचा बॅक, बॉल खांबाला. त्यांची आत. हरलो.

निर्णय कुठं चुकला

त्या रात्री पेठेत सगळ्यांचं एकमत होतं: घरच्या पोराला काढला, म्हणून हरलो. हे साफ चूक आहे. उतरलेल्या गोलीनं एक अडवली. पाचांतली एक अडवणं हे त्याचं काम होतं आणि त्यानं ते केलं. आमची तिसरी आत गेली असती तर पाचव्या पेनल्टीलाच आम्ही जिंकलो होतो. योजनेचा जो भाग गोलीचा होता तो अचूक ठरला.

उरलेला भाग मात्र तपासायला हवा. वीस मिनिटं उरलेली असताना दादापुढं दोन वाटा होत्या. फॉरवर्ड बदलायचा, सामना त्याच वेळेत जिंकायला जायचं, आणि टायब्रेकर झालाच तर घरच्या पोरावर भरवसा ठेवायचा. किंवा बदल राखायचा, आणि वीस मिनिटं एक पाय कमी घेऊन खेळायचं. त्यानं दुसरी धरली. माझ्या मते इथं तो चुकला, आणि गोली असल्यामुळंच चुकला.

गोलीला सामना जिंकता येत नाही, फक्त वाचवता येतो. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत एकच जागा अशी असते जिथं तो उघडपणे सामना जिंकून देऊ शकतो, ती म्हणजे टायब्रेकर. दादाच्या सगळ्या चांगल्या आठवणी तिथल्याच. म्हणून त्याच्या मनात सामना टायब्रेकरकडंच चाललेला होता, मैदानावर तसं काही ठरलेलं नसताना. ज्यानं आयुष्यभर पोरांना सांगितलं की बॉल निघायच्या आधी बाजू धरू नकोस, त्यानं स्वतः मंगळवारीच बाजू धरली होती. झोफच्या इटलीचं असंच झालं का, हे मी सांगू शकत नाही. पण २००० च्या अंतिम सामन्यात ते जादा मिनिटांपर्यंत १-० नं पुढं होते, फ्रान्सनं बरोबरी केली आणि गोल्डन गोलवर, म्हणजे जादा वेळेतला पहिला गोल होताच संपणाऱ्या नियमानं, सामना नेला. दादा हा सामना नेहमी सांगायचा. त्याच्याकडून मी तो किमान दहा वेळा ऐकला असेल.

दुसरी चूक लहान, पण मला जास्त सलते. पेनल्टी मारणाऱ्यांची यादी मॅचआधी लिहिलेली होती आणि शिट्टीनंतर कुणी ती पुन्हा पाहिली नाही. पोटरी धरलेल्या माणसाचं नाव तिसऱ्या नंबरला तसंच राहिलं. मैदानात असलेले अकराही जण मारू शकतात. तिसरी दुसऱ्या कुणालाही देता आली असती. बदलाची चिठ्ठी माझ्याकडं होती तशी यादीही माझ्याच खिशात होती. मी ती पंचांच्या बोलावण्यावर बाहेर काढली आणि जशीच्या तशी वाचली. दादा तेव्हा उंच गोलीच्या कानात बोलत होता, वहीतले नंबर सांगत होता. फॉरवर्डकडं बघणारं त्या क्षणी कोण होतं? कुणीच नाही. आमच्या बाकावर कोच गोली होता, मी शाळेच्या वयात बॅक होतो, फिजिओ कधी खेळलेला नाही. पळणाऱ्याच्या पोटरीतून विचार करणारा एकही माणूस रेषेबाहेर नव्हता.

ज्येष्ठांचा प्रश्न म्हणूनच अर्धा खरा होता. गोली कोच होऊ शकतो का, हा प्रश्न चुकीचा. गोली कोच झाला तर त्याच्या शेजारी कोण उभा असावा, हा विचारायला हवा होता. तो कमिटीनं विचारला नाही, आणि मीही नाही.

बैठक

सोमवारी रात्री तालमीत बैठक झाली. बोलायचं ते सगळे बोलले. दादा उठला आणि एवढंच म्हणाला, "गोली बदलला ते बरोबर. फॉरवर्ड बदलला न्हाई ते चुकलं. ते माझं." खाली बसला. त्याला काढायचा विषय निघाला तेव्हा दाराबाहेर पोरं उभी होती. आत येऊन बोलली ती पहिल्या अकरातली नव्हती. ज्याला उतरवलं नव्हतं तो अठरा वर्षांचा फॉरवर्ड बोलला, हंगामात जेमतेम दोनदा उतरलेला एक हाफ बोलला. कमिटीनं दादाला ठेवलं.

पुढच्या हंगामात त्यानं स्वतःहून एक जुना सेंटर फॉरवर्ड मदतीला मागून घेतला, पन्नाशीचा, गुडघे गेलेला, जिभेला हाड नसलेला. त्या दोघांची सरावात रोज खडाजंगी व्हायची. यादी आता शिट्टीनंतर, पाय बघून लिहिली जाते आणि ती तो म्हातारा लिहितो.

पेठेतला गोली थांबला नाही. नोंदणीच्या दिवसांत त्याला दुसऱ्या तालमीचं बोलावणं आलं. घरात भांडण झालं, गल्लीत बोलाचाली झाली. ज्या सकाळी सही करायची होती त्या सकाळी कुणी त्याच्या सोबत जाईना, तेव्हा दादानं त्याला स्वतःच्या गाडीवरून नेऊन सोडलं. बाहेर थांबला, सही झाल्यावर परत आणून घरी पोचवलं. पेठेत यावरही बरंच बोललं गेलं. दादानं कुणाला उत्तर दिलं नाही.

लीगमध्ये तो पोरगा आमच्याविरुद्ध गोलात उभा राहिला. मॅचच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये दादानं वही काढली, नवीन पान उघडलं आणि आमच्या पोरांना वाचून दाखवलं: 'पाय लागायच्या आधी उजवीकडं झुकतो. मधे मारा.'

पेनल्टी मिळालीच नाही. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला.